डांबर, काच आणि ॲरल्डाइट

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या मोहिमेत उतरलेल्यांमध्ये बाबासाहेब पुरंदरे होते, राजाभाऊ वाकणकर होते आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. मोहिमेसाठी पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. एवढा इतिहास महाराष्ट्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्याचे एक उपकथानक मात्र फारसे कोणी सांगत नाही. सिल्वासा ज्या नगर हवेलीत आहे तिथून पोर्तुगीजांचे दोन वायरलेस संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. ते उघडून, फिरवून त्यांच्यापासून प्रक्षेपण करणारे यंत्र तयार करण्यात आले, ते ट्रकवर चढवण्यात आले आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या दिशेने भूमिगत रेडिओ बोलू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तो चालवत. पुढे केंद्र कॅसल रॉकजवळ हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज आणि कोकणीतून बोलत राहिले. ज्या यंत्रांवरून पोर्तुगीज सत्तेचे निरोप जात, तीच यंत्रे त्या सत्तेविरुद्ध बातम्या देऊ लागली. दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी बनवलेले यंत्र उघडायचे आणि कळेल तेवढे समजून घेऊन आपल्या कामाला जुंपायचे, ही विद्या सिल्वासाच्या अलीकडच्या इतिहासात अशी अगदी आरंभापासून आहे.

आजचे सिल्वासा त्या गावाहून फार वेगळे आहे. १९८० नंतरच्या करसवलतींमुळे आमळी, मसाट, पिपरिया, रखोली, खडोली या भागांत कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग मुंबई, नाशिक, सुरतेकडून माणसे आली. त्या माणसांच्या सामानात सत्तर-ऐंशीच्या दशकांतले स्टीरिओ ॲम्प्लिफायरही आले. वडिलांनी दुबईहून आणलेला, मामाने निवृत्त होताना दिलेला, किंवा भंगारवाल्याकडून हौसेने उचललेला असा एखादा ॲम्प्लिफायर माळ्यावरून उतरतो आणि दुरुस्तीच्या टेबलावर येतो. चार स्क्रू काढले, पत्र्याचे झाकण उचलले की आतले जग ओळखीचेच असते. जड ट्रान्सफॉर्मर, दोन जाडजूड फिल्टर कंडेन्सर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स. यातल्या प्रत्येकाची किंमत त्याच्या अंगावर लिहिलेली, प्रत्येक वस्तू वापीत नाही तर मुंबईत मिळणारी. मग नजर उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंककडे जाते. तिथे दोन स्क्रूंनी आवळलेला, साबणाच्या अर्ध्या वडीएवढा एक काळा ठोकळा असतो. त्याला एका रांगेत दहा-पंधरा पाय. अंगावर कधी नंबर असतो, कधी कंपनीचे घरगुती सांकेतिक अक्षर, आणि कधी नंबराच्या जागी कानसीचे ओरखडे. सारा आवाज या ठोकळ्यातून बाहेर पडतो आणि नेमके त्याच्या आत कोणालाच जाता येत नाही. आपल्याला मागोवा घ्यायचा आहे तो या ठोकळ्याचा.

वीज वाहणारी वस्तू कशात तरी बुडवून बंद करायची, ही गरज प्रथम पाण्यामुळे निर्माण झाली. १८७० मध्ये समुद्राखालून तारेची जोडणी पूर्ण झाली आणि मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. त्या केबलमधले तांबे गटापर्चात गुंडाळलेले होते. मलायातल्या झाडांच्या चिकापासून होणारा हा पदार्थ समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षे टिकत असे. जमिनीवर हेच काम डांबराने केले. ट्रान्सफॉर्मर आणि चोक लोखंडी डब्यात ठेवून वर गरम डांबर ओतले की पावसाळी हवेपासून त्यांची सुटका होई. ज्या मुलखात वर्षाला दोनशे सेंटीमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या माणसाला याचे महत्त्व सांगायला नको. केसासारखी तांब्याची तार एका चातुर्मासात हिरवी पडते आणि कुठेतरी मधेच तुटते. मात्र डांबराने काही लपवले नव्हते. डबा तापवला की ते वितळून वाहू लागे आणि ट्रान्सफॉर्मर बांधणारा कारागीर जुने वेढे मोजत मोजत उलगडून त्याच मापाने नवे घाली. घाण वास आणि काळे हात, एवढीच काय ती अडचण.

लपवण्यासाठी पेटी बंद करण्याची पहिली ठळक गोष्ट घडली ती १९१२ च्या जानेवारीत, अमेरिकेत. आपल्या विषयाच्या इतिहासात या प्रसंगाला मी पहिला मान देईन, कारण काचेच्या नळीचा, म्हणजे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अमेरिकी टेलिफोन कंपनीपुढे प्रथम आला तोच मुळी सीलबंद होऊन. फ्रिट्झ लोवेनस्टाईन हा निकोला टेस्लाचा एके काळचा मदतनीस. त्याने टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांसमोर एक बंद पेटी ठेवली. लांबच्या तारेवरून येताना क्षीण झालेला आवाज या पेटीतून गेला की मोठा होऊन निघेल, असा त्याचा दावा होता. पेटी उघडायची नाही, ही अट. आत ली डी फॉरेस्टच्या १९०६ च्या ऑडिऑन नळीचेच एक रूप होते, पण ते सांगितले तर आपल्या हाती काय उरणार, अशी धास्ती त्याला असावी. प्रयोग काही रंगला नाही. आत काय आहे ते न कळल्यामुळे अभियंत्यांना त्यात सुधारणाही सुचवता येईना, आणि विषय तिथेच थांबला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डी फॉरेस्टने आपली नळी त्याच कंपनीला उघडपणे दाखवली. तिच्यातले दोष अभियंत्यांना दिसले आणि ते कसे काढता येतील हेही दिसले. पुढच्या वर्षी कंपनीने ५०,००० डॉलर देऊन टेलिफोनपुरते हक्क विकत घेतले. लोवेनस्टाईन मात्र पुरता बुडाला नाही. नळीच्या जाळीला योग्य ऋण दाब देण्याच्या त्याच्या युक्तीचे पेटंट पुढे त्याच कंपनीने दीड लाख डॉलरना घेतले. बंद पेटीने त्याला काही मिळवून दिले नव्हते. पैसा मिळाला तो कागदावर आकृती काढून जगजाहीर केलेल्या गोष्टीचा.

यानंतर आपण १९२६ च्या बर्लिनमध्ये येतो. तिथे झिगमुंड लोवे आणि तरुण मानफ्रेड फॉन आर्देन यांनी एक विलक्षण नळी बाजारात आणली. तिचे नाव ३ एनएफ. एकाच काचेच्या फुग्यात तीन व्हॉल्व्ह, दोन कंडेन्सर आणि चार रेझिस्टन्स, म्हणजे जवळजवळ आख्खा रेडिओच. आतली निर्वात पोकळी बिघडू नये म्हणून कंडेन्सर आणि रेझिस्टन्स पुन्हा स्वतंत्र काचेच्या नळ्यांत बंद केलेले. जर्मनीत तेव्हा रेडिओवरची आकारणी व्हॉल्व्हच्या सॉकेटांवर होत असे आणि तीनाऐवजी एकच सॉकेट दाखवता यावे म्हणून हा खटाटोप झाला, असे सांगितले जाते. खरे कारण ते असो वा नसो, आतला प्रत्येक भाग काचेतून डोळ्यांना दिसे आणि हात मात्र कशालाच लावता येत नसे. एक तंतू जळला की सगळी नळी गेली. म्हणून लोवे कंपनी ती नळी परत घेऊन तंतू बदलून देई. बंद ठोकळा विकणाऱ्यानेच त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण पुढच्या शंभर वर्षांत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात.

पेटी बंद ठेवायला डांबर किंवा काच लागतेच असे नाही, करारही पुरतो. बोलपट आले तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९२७ मध्ये एक वेगळी कंपनी काढली आणि चित्रपटगृहांना ध्वनियंत्रणा भाडेपट्ट्याने देऊ केली. यंत्र कंपनीच्या मालकीचे राही आणि ते उघडायचे कंपनीच्या माणसाने. मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला, त्यामागेही एक परदेशी यंत्र आणि त्याच्याबरोबर आलेले विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकी तज्ज्ञ होते. त्यांची रोजची शंभर रुपये फी अर्देशीर इराणींना परवडेना, तेव्हा जरुरीपुरते शिकून घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच हाती घेतले. मराठी मुलखाला हा बाणा नवा नव्हता. त्याआधी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी यांनी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून स्वतःचा कॅमेरा घडवला होता, आणि त्याच मंडळींतले विष्णुपंत दामले पुढे प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आपण आज ऐकतो तो आवाज अशा हातांतून आलेला आहे. दामले कोणत्याही ध्वनिविद्यालयात गेले नव्हते. यंत्र समोर आहे, चालते आहे, तर ते कसे चालते हे त्याच्याकडूनच शिकायचे, एवढीच त्यांची पद्धत.

आपल्या कामाला यंत्र जुंपण्याची ही रीत लाउडस्पीकरच्या घराण्यातही दिसते. मोटवाने कुटुंबाची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या सभांना ॲम्प्लिफायर आणि कर्णे पुरवी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला तेव्हा त्याच्या यंत्रसामग्रीशी नानिक मोटवाने यांचे नाव जोडले गेले आणि त्यांच्यावर खटलाही झाला. याच मोटवाने नावाचे मल्टीमीटर पुढे नाशिकमधून महाराष्ट्रभरच्या दुरुस्तीच्या टेबलांवर पोहोचले. काट्याचा तो जड मीटर अजूनही जुने लोक जवळ बाळगून असतात. कंडेन्सर भरताना काटा कसा उसळतो आणि सावकाश खाली येतो हे डिजिटल आकड्यांत दिसत नाही, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे.

मग एक मोकळा काळ आला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि आदल्या वर्षी सिल्वासाच्या मोहिमेत असलेले सुधीर फडके घरोघरी ऐकू येऊ लागले. ते ज्या रेडिओंतून ऐकू येत त्यांची मागची बाजू पुठ्ठ्याची होती. पुठ्ठा काढला की व्हॉल्व्ह रांगेने उभे. कोणता कुठे बसतो याचा कागद बहुधा आतच चिकटवलेला. कोणता पेटला नाही ते अंधारात नुसत्या डोळ्यांनी कळे. ज्यांनी या संचांवर हात बसवला त्या पिढीला यंत्र म्हणजे उघडता येणारी वस्तू हे गृहीतच होते. ही पिढी पुढे ट्रान्झिस्टरवर आली तीसुद्धा फारशी न अडखळता.

मोकळेपणाचा हा काळ आपल्याकडे येण्याआधीपासूनच पलीकडे नवी कुलुपे तयार होत होती. दुसऱ्या महायुद्धात तोफेच्या गोळ्यात बसणारा, तोफ डागतानाचा हादरा सोसणारा रेडिओ बनवायचा होता. त्यासाठी चिनी मातीच्या पातळ तुकड्यावर रेझिस्टन्स आणि वाटा छापून वर लेप देण्याचे तंत्र सेंट्रालॅब कंपनीने वापरात आणले आणि युद्ध संपल्यावर तसलेच तुकडे घरगुती रेडिओंत शिरले. १९४६ मध्ये बाझेलच्या प्रदर्शनात सिबा कंपनीने ॲरल्डाइट मांडले. घरातली फुटकी कपबशी चिकटवणारे म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. पण इपॉक्सी जातीच्या या पदार्थाने डांबराचे राज्य संपवले. डांबर तापवले की जागा सोडते, इपॉक्सी सोडत नाही. १९५३ च्या सुमारास बॉस्टनच्या जॉर्ज फिलब्रिकने के२-डब्ल्यू हा तयार ॲम्प्लिफायर बॅकेलाइटच्या कवचात घालून विकायला काढला. त्याचे दोन व्हॉल्व्ह वरून काढता-घालता येत. साठच्या दशकात त्याच घराण्याचे ट्रान्झिस्टरचे ठोकळे आले ते इपॉक्सीत पूर्ण बुडवून. एका परीने ते रास्तही होते. आतले जोडीचे ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला राहावेत, हवेच्या झुळकीने मापन ढळू नये, यासाठी त्यांना एका लगद्यात ठेवणे हिताचे असते. अमेरिकी ध्वनिमुद्रणगृहांत नावाजलेला एपीआय २५२० हाही असाच बुडवलेला ठोकळा.

पण एकदा असा पदार्थ हाताशी आला की त्याचा दुसरा उपयोग सुचायला वेळ लागत नाही. एआरपी या सिंथेसायझर कंपनीने सत्तरच्या आरंभी आपला ४०१२ हा फिल्टर इपॉक्सीत गाडून विकला. आत रॉबर्ट मूगच्या शिडीसारख्या फिल्टरचीच रचना होती. मूगच्या कंपनीने आक्षेप घेतल्यावर एआरपीला वेगळा फिल्टर घालावा लागला. १९७३ मध्ये मार्क लेव्हिन्सनने काढलेल्या एलएनपी-२ या महागड्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये रिचर्ड बर्वेन यांचे बंद ठोकळे होते, नंतर जॉन कर्ल यांच्या रचनेचे आले. गिटारचे ॲम्प्लिफायर बनवणारे डंबल तर आपल्या सर्किटवर इपॉक्सीचा गोळाच थापत. या मंडळींची कारागिरी उच्च दर्जाची होती यात शंका नाही. पण माणूस एका वयापर्यंत जगतो आणि त्याचे यंत्र बरेचदा त्याच्यापेक्षा जास्त टिकते, हा हिशेब त्यांच्यापैकी कोणी केलेला दिसत नाही.

सामान्य हौशी माणसापर्यंत बंद ठोकळा पोहोचवण्याचे काम इंग्लंडच्या कँटरबरी गावातल्या आयएलपी कंपनीने केले. एचवाय-५०, एचवाय-१२० अशा नावांचे तिचे ठोकळे मासिकांतल्या जाहिरातींतून विकले जात. पाच-सहा तारा जोडा आणि ॲम्प्लिफायर तयार. या सोयीचा खरा कळस मात्र जपानमध्ये झाला. सान्योने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर इन्सुलेशनचा थर देऊन त्यावर तांब्याच्या वाटा उमटवल्या, वाटांवर ट्रान्झिस्टरचे कवच नसलेले उघडे तुकडे बसवले, रेझिस्टन्स छापले, बारीक तारांनी जोडण्या केल्या आणि वर काळ्या प्लास्टिकचे झाकण चिकटवले. ही एसटीके मालिका. उष्णता थेट पत्र्यातून हीटसिंकमध्ये जाते, कारखान्यात जुळवाजुळव करणारा माणूस लागत नाही, ॲम्प्लिफायर आकाराने निम्मा होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी स्टीरिओंचा महापूर आला त्यामागे या ठोकळ्याचा वाटा मोठा आहे. एसटीकेची माहितीपत्रके तरी निघत. टेक्निक्ससारख्यांनी आपल्या काही ॲम्प्लिफायरांत एसव्हीआय अक्षरांचे स्वतःचे ठोकळे घातले. ते बाहेर सुटे विकायचेच नव्हते, त्यामुळे त्यांचा पर्याय मिळणे अवघड.

भारतात एसटीके आला तो आयातीवरच्या कडक बंधनांच्या काळात, प्रवाशांच्या सामानातून आणि आडमार्गांनी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत ४१४१, ४१९१ हे आकडे नावासारखे उच्चारले जाऊ लागले. सान्योचाच छोटा आयसी ४४४० तर गल्लीतल्या ॲम्प्लिफायर जुळवणाऱ्याचा पोटापाण्याचा धनी झाला. आणि इथेच आपल्या मातीतली कुलुपाची पद्धत जन्मली. इपॉक्सी महाग, करार कोण करणार, म्हणून जुळवणाऱ्याने कानस घेतली आणि आयसीवरचा नंबर घासून टाकला. शेजारच्याने नक्कल करू नये एवढाच हेतू. नव्वदनंतर बाजार खुला झाला, नंबर घासण्याचे कारण उरले नाही, तरी सवय गेली नाही. या सवयीबद्दल मला ममत्व नाही. इपॉक्सीला पावसाचे, तापमानाचे निमित्त तरी होते. कानसीला तेही नाही.

आता आपण पुन्हा सिल्वासाच्या टेबलापाशी येऊ आणि ठोकळा ‘उडाला’ म्हणजे नेमके काय होते ते जवळून पाहू. गिऱ्हाइकाची तक्रार साधी असते. डावा स्पीकर घुमतो, गाणे येत नाही, उजवा ठीक आहे. जाणता माणूस प्रथम स्पीकर सोडवतो आणि ॲम्प्लिफायर थेट न लावता शंभर वॉटच्या दिव्याच्या सिरीजमध्ये लावतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर फिल्टर कंडेन्सर भरले, सप्लाय शाबूत आहे. दिवा भगभगत राहिला तर कुठेतरी पक्का शॉर्ट आहे. पुढे मीटर. ४१९१ सारख्या ठोकळ्याला अधिक आणि उणे सुमारे पस्तीस व्होल्ट मिळतात, आणि या दोहोंच्या मधोमध बसलेल्या आउटपुटच्या पायावर जवळजवळ शून्य हवे, फार तर वीस-तीस मिलिव्होल्ट. तिथे आख्खे पस्तीस दिसले की आतला ट्रान्झिस्टर आरपार गेला, आणि स्पीकर जोडलेला राहिला असता तर त्याची कॉइलही गेली असती. पण घाई करणारा इथेच फसतो. शून्य ढळण्याची कारणे बाहेरही असतात. वाळलेला कंडेन्सर, तुटलेला ग्राउंड, पायाभोवतीचा ड्राय सोल्डर. भिंगातून पाहिले तर पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते. नवा डाग दिला की ॲम्प्लिफायर जिवंत होतो आणि नव्या ठोकळ्याचे पैसे वाचतात.

आणि ठोकळ्याचे माहितीपत्रकच नसेल, नंबर घासलेला असेल, इपॉक्सी असेल तर? इथे दुरुस्ती करणाऱ्याला मदत मिळते ती एका अनपेक्षित दिशेने. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरमध्ये स्टीरिओ ध्वनीच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्याचा हेतू ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळावी हा होता. पण त्यामुळे ॲम्प्लिफायरमधली प्रत्येक गोष्ट दोनदा येऊ लागली, डावी आणि उजवी. पुष्कळ जुन्या यंत्रांत ठोकळेही दोन असतात, हुबेहूब एकसारखे. त्यातला एक मेला तर जिवंत असलेला दुसरा हीच मेलेल्याची कागदपत्रे. जिवंत ठोकळ्याच्या प्रत्येक पायावरचा दाब वहीत लिहून काढायचा, मग यंत्र बंद करून पायापायांमधला अडथळा दोन्ही दिशांनी मोजायचा. कोणत्या पायावर सप्लाय, कोणता ग्राउंड, कुठून आवाज आत जातो आणि कुठून परत फिरवून दिला जातो, हे तासाभरात कागदावर उतरते. आतली आकृती कळलेली नसते, आत काय घडते ते मात्र कळलेले असते, आणि दुरुस्तीला तेवढे पुरते. सभेच्या एकपदरी ॲम्प्लिफायरला हा जुळा भाऊ नसतो. म्हणून गणपती आणि नवरात्र या दोन्ही हंगामांत राबणारे ते यंत्र पुष्कळदा जास्त अवघड जाते.

मेलेला ठोकळा उघडणारेही आहेत. एसटीकेचे झाकण गरम करून पात्याने अलगद उचलता येते. आत पारदर्शक जेलीखाली काळवंडलेला ठिपका दिसतो आणि तुटलेली तार दिसते. काही हुशार मंडळी जळलेला आउटपुट ट्रान्झिस्टर आतून तोडून टाकतात आणि ५२०० व १९४३ ही जोडी बाहेर हीटसिंकवर बसवून तारा आत नेतात. ठोकळ्याचा मेंदू तोच, हात नवे. इपॉक्सीशी भांडण अधिक कठीण. गरम हवेने मऊ करून थराथराने खरवडायचे, किंवा प्रयोगशाळेत तीव्र नायट्रिक आम्लाने विरघळवायचे. घरी आम्लाच्या वाटेला जाऊ नये, आणि रेडिओ ट्रान्समीटरमधले जुने सिरॅमिक भाग तर कधीच घासू नयेत. त्यातल्या काहींत बेरिलियमचे ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची नडते.

नवा ठोकळा आणावा म्हटले तर तोही रस्ता अरुंद झाला आहे. सान्योचा अर्धवाहक विभाग १ जानेवारी २०११ पासून अमेरिकेच्या ऑन सेमिकंडक्टरकडे गेला आणि जुन्या एसटीकेचे दिवस संपत आले. वापीहून फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रलला उतरून पायी लॅमिंग्टन रोडला गेले तर ४१९१ आजही मागाल तितके मिळतात, पण बहुतेक नकली. छपाई चकचकीत, पत्रा हलका, आत सिलिकॉनचा तुकडा नखाएवढ्याऐवजी तांदळाएवढा. मंद आवाजात ते गातात, आवाज चढवला की जातात. म्हणून अनुभवी माणूस भंगारातल्या यंत्रातून काढलेला जुना अस्सल ठोकळा नव्या नकलीपेक्षा वरचढ मानतो. किंवा तो वहीतल्या नोंदींवरून सुट्या ट्रान्झिस्टरांचा एक छोटा बोर्ड जुळवतो, पायांचा क्रम जुनाच ठेवतो आणि त्याच जागी बसवतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारे आणि घरगुती उपकरणे यांची माहिती एकत्र करण्याचा प्रयत्न आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या ठोकळ्याची आकृती त्यात सापडण्याची आशा मात्र कोणी धरू नये. ती ज्यांच्याकडे होती त्यातल्या पुष्कळ कंपन्याच आता उरलेल्या नाहीत.

असा बोर्ड बसवलेल्या ॲम्प्लिफायरला अस्सल म्हणायचे का, यावर जुन्या यंत्रांचे संग्राहक तावातावाने भांडतात. मेलेला ठोकळा जागेवर राहिला तरी चालेल, पण परका बोर्ड नको, असे म्हणणारेही आहेत. मला तो आग्रह पटत नाही. गाण्यासाठी केलेले यंत्र गात असेल तर ते अस्सलच आहे, फक्त नव्या बोर्डाची आकृती झाकणाच्या आतून चिकटवलेली असावी, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे हे बोलून पाहावे, उत्तर रोखठोक येते. तास न् तास घालवून काढलेली आकृती आतच ठेवून दिली, तर पुढच्या वेळी हेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात निम्म्या पैशांत काम करून घेईल. १९१२ साली लोवेनस्टाईनने पेटी बंद ठेवली तीही याच हिशेबाने, आणि मजुरीचा हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे.